सोवाज मला आवडत नाही, तरीही

दिओरचा सोवाज हा परफ्यूम मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला त्याचीच बाजू घ्यायची आहे. लिफ्टचं दार उघडलं की माणसाच्या आधी त्याचा सोवाज बाहेर येतो. माणूस तिसऱ्या मजल्यावर उतरून जातो, सोवाज सातव्या मजल्यापर्यंत आपल्या सोबतीला असतो. शेजारी कुणीतरी विनाकारण मोठ्यानं बोलतंय असं मला त्यात कायम वाटत आलंय. तरीही गेल्या वीसेक वर्षांत निघालेल्या पुरुषांच्या परफ्यूमपैकी ‘आधुनिक क्लासिक’ कोणाला म्हणायचं असा वाद निघाला, की हे नाव मला गाळता येत नाही. आणि ज्याच्या दोन बाटल्या मी तळापर्यंत संपवल्या, तो लालिकचा आंक्र न्वार मी यादीत घेत नाही.

हा वाद घालणाऱ्यांचे साधारण दोन गट पडतात. एक गट खपाकडे बोट दाखवतो. इतकी वर्षं इतके लोक विकत घेतायत, मग हा क्लासिक नाही तर काय? दुसऱ्या गटाला नेमकं तेच खुपतं. त्यांच्या लेखी जो सगळ्यांना मिळतो तो क्लासिक असूच शकत नाही. खरा क्लासिक तो, जो बंद पडलाय, किंवा ज्याचं जुनं मिश्रण आता मिळत नाही, किंवा ज्याचं नाव उच्चारताना समोरच्याची जीभ अडखळते. एक जण गर्दी मोजतो, दुसरा दुर्मिळता. बाटलीत जे आहे त्यानं पुढे काय घडवलं, हे दोघंही विचारत नाहीत.

जुने क्लासिक उघडून पाहिले तर मात्र तोच प्रश्न समोर येतो. १८८२ मध्ये उबिगां या फ्रेंच घराण्यासाठी पॉल पार्के यांनी फूजेर रॉयाल बनवला. फूजेर म्हणजे नेचा. नेच्याला सांगण्यासारखा वास नसतो. म्हणजे पार्के यांनी नसलेल्या वासाचा परफ्यूम केला, आणि त्यासाठी हाताशी घेतलं कुमारिन. वाळलेल्या गवताचा, किंचित बदामी गोडसर वास देणारं हे द्रव्य विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं होतं. लॅव्हेंडर, कुमारिन आणि ओकमॉस या तीन खांबांवर पुढची शंभर वर्षं पुरुषांचे परफ्यूम उभे राहिले. (ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं, आपल्या दगडफुलाच्या जातकुळीचं.) दाढीनंतरचा म्हणून जो वास आपल्या डोक्यात पक्का बसलाय, तो या तिघांचाच. आज फूजेर हे एका परफ्यूमचं नाव राहिलेलं नाही. ते एका कुळाचं नाव झालंय.

१९६६ मध्ये एदमों रुदनित्स्का यांनी दिओरसाठी ओ सोवाज केला. लिंबू-बर्गमॉटचे (बर्गमॉट हे लिंबू-संत्र्याच्या जातीचं फळ) हलके परफ्यूम त्याआधीही होते, पण ते अंगावर फार टिकत नसत. जास्मिनच्या अभ्यासातून हाती लागलेलं हेडिओन नावाचं द्रव्य रुदनित्स्कांनी त्यात घातलं आणि तो ताजेपणा उघडला, पसरला, हवेशीर झाला. त्यानंतर हेडिओन न वापरता मोठा परफ्यूम काढणारं घराणं शोधावं लागेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. क्लासिक ठरलेला परफ्यूम पहिला असतोच असं नाही. डायहायड्रोमिर्सेनॉल हे धुतलेल्या कपड्यांची, साबणाची आठवण करून देणारं द्रव्य १९८२ च्या ड्राकार न्वारमध्ये सढळ हातानं घातलेलं होतं. पण ‘स्वच्छ पुरुषाचा वास’ म्हणून ते घरोघरी पोचवलं ते १९८८ च्या कूल वॉटरनं. समुद्राचा भास देणारं कॅलोन अरामिसच्या न्यू वेस्टमध्ये त्याच वर्षी आलं, आणि समुद्र मात्र लोकांनी ओळखला तो १९९६ च्या आक्वा दि जिओमध्ये. पहिल्यानं दार शोधलं, दुसरा त्यातून सगळ्यांना घेऊन गेला. मला दुसऱ्याला मान द्यावासा वाटतो. हे अन्यायाचं आहे, पण भाषेचंही असंच असतं. नवा शब्द कुणी का काढेना, तो ज्याच्या तोंडून रुळला त्याच्या नावावर जातो.

म्हणून माझी कसोटी अशी. ज्याच्यानंतर त्याच्या वाटेवरून चालणाऱ्याला त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि ज्याच्या नकलांचा कितीही महापूर आला तरी मूळ वेगळा ओळखू येतो, तो क्लासिक. त्याला दहा वर्षं तरी उलटलेली हवीत. त्याआधी आपण वास घेत नसतो, जाहिरात हुंगत असतो. आवडनिवड यात कुठेच नाही.

या कसोटीवर पहिलं नाव घेताना मला क्षणभरही थांबावं लागत नाही. तेर द’एर्मेस, २००६. जाँ-क्लोद एलेना तेव्हा एर्मेसचे घरचे परफ्यूमर होते, आणि घरचा परफ्यूमर असण्याचं महत्त्व इथे कळतं. बहुतेक मोठ्या नावांचे परफ्यूम ती घराणी स्वतः बनवतच नाहीत. जिव्हाद, फर्मेनिश, आयएफएफ, सिमराइझ अशा मोजक्या कंपन्यांकडे मागणी जाते, तिथले परफ्यूमर एकमेकांशी स्पर्धा करत नमुने पाठवतात, ते नमुने अनोळखी लोकांना हुंगवून त्यांची मतं घेतली जातात, ज्याला कुणीच नाक मुरडत नाही तो पुढे सरकतो. अशा चाळणीतून टोकदार काही सहसा खाली पडत नाही. एलेना यांना या चाळणीतून जायचं नव्हतं. ते मोजक्या घटकांत काम करणारे. कवीनं विशेषणं गाळावीत तसे घटक गाळणारे.

त्या काळात पुरुषांच्या परफ्यूममध्ये दोनच ऋतू होते. एक समुद्राचा, दुसरा मिठाईचा. म्युग्लरच्या ए-मेनपासून गोडवा मुरत चालला होता आणि आक्वा दि जिओपासून पाणी. तेर म्हणजे जमीन. एलेना यांनी पाणी उपसलं, साखर बाजूला ठेवली आणि कोरडी माती समोर आणली. सुरुवातीला संत्रं येतं, पण रसाचं नाही, सालीचं, बोटांना कडवट तेल लागतं तसं. मग मिरी. आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हा परफ्यूम पहिल्यांदा हुंगणारा माणूस थबकतो: गारगोटी. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्या की ठिणगीबरोबर एक जळका, दगडी वास येतो. लहानपणी ज्यांनी अंधारात हा खेळ केलाय त्यांना तो सांगावा लागत नाही. त्याखाली वाळा आणि देवदार, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं आयसो ई सुपर, म्हणजे धड लाकूडही नाही आणि धड काही नाहीच असंही नाही, असं एक मखमली द्रव्य. ते आयएफएफच्या प्रयोगशाळेतलं, सत्तरच्या दशकापासून वापरात असलेलं. एलेना यांनी ते एवढं घातलं की तेरमध्ये ते मसाला राहिलं नाही, ते पात्रच झालं ज्यात बाकीचं शिजतं.

तेरनंतर कोरडं लाकूड आणि संत्रं ही जोडी इतक्या बाटल्यांत दिसली की आता ती कुणाची म्हणून ओळखली जातच नाही. आणि तरी मूळ तेर गर्दीत कळतो, त्या गारगोटीमुळे. हा चाळिशीनंतरच शोभतो अशी एक टिंगल नेहमी होते. होऊ दे. ज्याच्याबद्दल वयाची टिंगल करता येते, त्याला काहीतरी स्वभाव आहे एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

योगायोग असा की त्याच २००६ मध्ये गेझा शोन यांनी मॉलिक्यूल ०१ काढला. त्यात आयसो ई सुपर सोडून सुगंधी असं दुसरं काहीच नाही. एकाच द्रव्याची दोन टोकं एका वर्षात. मॉलिक्यूल ०१ ही कल्पना म्हणून मोठी, पण ती ऐकली की निम्मं काम झालं. तेर हुंगल्याशिवाय कळत नाही.

आता आंक्र न्वार. तोही २००६ चाच, नताली लॉर्सों यांचा. शाईच्या दौतीसारखी चौकोनी काळी बाटली आणि आत वाळा, पण १९५९ च्या गर्लांच्या व्हेतिव्हेरमधला उजळ, तरतरीत वाळा नव्हे. हा ओल्या मुळांचा, पावसानंतर कुणी न फिरकलेल्या रानाचा वास आहे. मला तो लावला की दिवसभर कमी बोलावंसं वाटतं. गेल्या वीस वर्षांतला हा सर्वांत सुंदर वाळा, असं मी पैजेवर सांगेन. पण त्यानं मुख्य रस्ता वळवला का? नाही. त्याच्यामागून फारसं कुणी गेलं नाही. तो आडबाजूला उभा आहे आणि त्याला तसंच बरं वाटत असावं. आडबाजूच्या देवळावर माझी भक्ती असेल, पण त्याला तीर्थक्षेत्र म्हणायचं तर वाटेवर पावलं उमटलेली दिसायला हवीत.

दिओर ऑमचा खटला सर्वांत अवघड आहे. २००५ मध्ये ऑलिव्हिए पोल्ज यांनी केलेल्या या परफ्यूमच्या केंद्रस्थानी आयरिस आहे. आयरिसच्या फुलाला इथे महत्त्व नाही, त्याच्या कंदाला आहे. तो कंद उपटून, सोलून, वाळवून वर्षानुवर्षं ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्याच्यात तो वास तयार होतो. थंड, पिठूळ, थोडा गाजरासारखा, बराचसा जुन्या लिपस्टिकसारखा. हा वास शतकभर बायकांच्या प्रसाधनाच्या पेटीतला मानला गेला. पोल्ज यांनी तो जसाच्या तसा उचलला, त्याला कोकोची आणि चामड्याची जोड दिली आणि पुरुषांच्या फळीवर ठेवून दिला. पुरुषानं पावडरचा वास घेऊन बाहेर पडावं आणि त्यात काही वावगं वाटू नये, ही मोकळीक दिओर ऑमनं दिली. पुढे प्राडाचे अँफ्युजिओं द’ऑम आणि लॉम आले, व्हॅलेन्तिनोचा उओमो आला (तो पुन्हा पोल्ज यांच्याच हातचा), दिओरचा स्वतःचा अँतांस, म्हणजे अधिक दाट अवतार, आला. कसोटीचे दोन्ही भाग हा परफ्यूम सहज पार करतो.

अडचण त्याच्या घरातच झाली. २०२० मध्ये दिओरनं दिओर ऑम हे नाव एका वेगळ्याच, लाकडी परफ्यूमला दिलं. जुना ‘ओरिजिनल’ अशी शेपटी लावून बाजूला ठेवला. म्हणजे आज कुणी माझा लेख वाचून दिओर ऑम मागितला, तर त्याच्या हाती मी ज्याबद्दल बोलतोय तो येईलच असं नाही. कुठल्याही दुसऱ्या कलेत हे खपून गेलं असतं का? एखाद्या रागाचं नाव दुसऱ्याच स्वरांना द्यावं आणि मूळ राग ‘जुना’ म्हणून कोपऱ्यात बसवावा, तसा हा प्रकार.

मग क्लासिक नक्की कशाला म्हणायचं, नावाला की मिश्रणाला? हा प्रश्न फक्त दिओर ऑमचा नाही. परफ्यूम ही जागेवर न राहणारी गोष्ट आहे. अॅलर्जीच्या कारणानं इफ्रा ही या उद्योगाचीच संस्था कित्येक घटकांवर मर्यादा घालते. युरोपात कायदाही येतो. ओकमॉसमधली अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल ही द्रव्यं, शिवाय लिली ऑफ द व्हॅलीचा भास देणारं लायरल, २०२१ पर्यंत तिथल्या बाजारातून गेली. १ मार्च २०२२ पासून त्याच तऱ्हेचा वास देणारं लिलिअल गेलं. या बंद्यांमागची कारणं खोटी नाहीत; लोकांच्या त्वचेला खरोखर त्रास होतो, आणि लिलिअलबाबत तर प्रजननक्षमतेला धोका असल्याचं ठरवलं गेलं. पण परिणाम असा की जुन्या नावाच्या बाटलीत दर काही वर्षांनी थोडं वेगळं काही भरलं जातं आणि डब्यावर त्याचा उल्लेख नसतो. ईव्ह सँ लॉरांच्या ला न्यूई द लॉमबद्दल (२००९) त्याच्या जुन्या चाहत्यांशी बोलून पाहा, वेलचीचं कौतुक दोन वाक्यांत संपतं आणि पूर्वी तो अंगावर किती टिकायचा याची कैफियत अर्धा तास चालते. व्हर्सायमध्ये ऑस्मोतेक नावाचं परफ्यूमचं संग्रहालय १९९० पासून आहे. तिथे जुने परफ्यूम मूळ सूत्रांनुसार पुन्हा बनवून जपून ठेवतात. आपण अंगावर जे फवारतो ती मात्र वाहती नदी.

माझा निर्णय मिश्रणाच्या बाजूनं आहे. २००५ चा दिओर ऑम क्लासिक आहे; आज त्याच नावानं जे मिळतं त्याला तो मान आपोआप लागू होत नाही. वारसा बाटलीच्या आकारानं चालत नाही.

नकलांबद्दल बोलायचं तर क्रीडच्या आव्हेंटसकडे यावं लागतं. २०१० चा. स्थापना १७६० ची सांगणारं हे घराणं, आणि परफ्यूमभोवती नेपोलियनची कहाणी गुंडाळलेली. या कहाण्या मी कानाआड करतो. मात्र बाटलीतलं वाक्य नवं होतं, अननस आणि धूर. रसाळ, आंबटगोड फळ आणि त्यामागे बर्च या झाडाच्या जळक्या सालीचा कोरडा धूर, खाली कस्तुरीसारखी ऊब. फळ म्हणजे पोरकट आणि धूर म्हणजे म्हातारा, अशी वाटणी तोपर्यंत होती; आव्हेंटसनं दोघांना एका कोटात घातलं.

त्यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं आहे. अर्माफचा क्लब द न्यूई अँतांस मॅन, मोंब्लांचा एक्सप्लोरर (२०१९) आणि अशा कितीतरी बाटल्यांनी तो अननस-धूर उघड उघड उचलला. हे करायला कायद्याची फारशी आडकाठी नाही. २००६ च्या जून महिन्यात, जेमतेम तीन दिवसांच्या अंतरानं, दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी उलट निकाल दिले. फ्रान्सच्या न्यायालयानं म्हटलं की परफ्यूमचा वास हे कौशल्याचं फळ आहे, लेखकाधिकार मिळावा अशी कलाकृती नव्हे. नेदरलँड्सच्या न्यायालयानं लांकोमच्या त्रेझोरच्या वासाला तो अधिकार असू शकतो असं मानलं. परफ्यूमची राजधानी म्हणवणाऱ्या देशानंच परफ्यूमला कलेच्या रांगेतून उठवावं, यात विनोद आहे आणि थोडं दुःखही. व्यवहारात चालतं ते फ्रेंचांचं म्हणणं. नाव आणि बाटली चोरू नका, वास चोरा.

पण एवढ्या नकला होऊनही लोक त्यांची तुलना कशाशी करतात? आव्हेंटसशी. त्याचे भक्त बाटलीच्या तळाचे बॅच क्रमांक पाठ करतात, कुठल्या बॅचमध्ये धूर जास्त आणि कुठल्यात अननस यावर रात्री जागवतात. मला त्यातलं निम्मं नाकाचं काम वाटतं, निम्मं मनाचं. ते काही असो, ज्याच्या दोन बॅचमधल्या फरकावर माणसं भांडतात तो परफ्यूम मापाचा दगड झालेला असतो. आव्हेंटस यादीत आहे.

ब्लू द शनेल नाही. यावर बरेच जण चिडतील, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलतो. २०१० मध्येच जाक पोल्ज यांनी केलेला हा परफ्यूम अत्यंत सुबक आहे. ग्रेपफ्रूट, आलं, देवदार, धुपाचा हलका स्पर्श. कुठे सुरकुती नाही. जाहिरात करायला मार्टिन स्कोर्सेसींना बोलावलं होतं. काय लावावं ते कळत नाही असं कुणी विचारलं की मी स्वतः ब्लूचंच नाव सांगतो. पण त्यानं नवं काय सांगितलं? कूल वॉटरपासून तेरपर्यंत पुरुषांच्या परफ्यूमनी जे जे कमावलं होतं त्याचा तो उत्तम गोषवारा आहे. गोषवारा वाचून परीक्षा पास होता येते. ज्याचा गोषवारा काढला ते पुस्तक निराळं.

(पोल्ज घराण्याची गंमत राहिली. ब्लू वडिलांचा, दिओर ऑम मुलाचा. पुढे मुलगा शनेलमध्ये वडिलांच्या खुर्चीवर आला आणि २०१८ मध्ये वडिलांच्या ब्लूचा अधिक दाट अवतार त्यानंच केला. नव्याची वाट पाडणारा मुलगा आणि सगळ्यांना सामावून घेणारा बाप, असं उलटं चित्र.)

पाको राबानच्या १ मिलियनचं नाव (२००८, सोन्याच्या विटेची बाटली) अनेक याद्यांत असतं. दालचिनी, चामडं आणि साखरेचा तो नाचघरातला गोडवा त्यानं जगभर पोचवला हे खरं, पण गोड पुरुषाचं पीक आधीच लागलेलं होतं. १९९५ च्या ल मालनं आणि १९९६ च्या ए-मेननं नांगरलेल्या जमिनीत. ग्रेनेडच्या आकाराचा स्पाइसबॉम्ब मजेचा आहे. मजेचाच आहे.

आणि आता सोवाज.

२०१५, फ्रांस्वा देमाशी. नाव १९६६ च्या ओ सोवाजचं अर्धं उचललेलं, जे मला आजही थोडं उद्धट वाटतं. रुदनित्स्कांच्या त्या सुसंस्कृत परफ्यूमशी याचं नातं आडनावापुरतं. कालाब्रियाचं बर्गमॉट, मिरी, सिचुआन मिरी, आणि या सगळ्यांच्या पाठीशी अॅम्ब्रॉक्सन. हे अॅम्ब्रॉक्सन समजून घेतल्याशिवाय सोवाजला न्याय देता येत नाही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा अंबर परफ्यूममध्ये शतकानुशतकं वापरला जात होता. त्यातल्या सुगंधाचा जो मुख्य रेणू, तो क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवता येतो. तोच अॅम्ब्रॉक्सन. कोरडा, खारट, उन्हात तापलेल्या कातडीसारखा, थोडासा धातूचा. पूर्वी तो परफ्यूमच्या तळाशी चिमूटभर असायचा, गाणाऱ्यामागच्या तंबोऱ्यासारखा. देमाशींनी तंबोरा पुढे आणून बसवला आणि त्याचा आवाज वाढवला.

इथेही ते पहिले नव्हते. मॉलिक्यूल ०१ वाल्या शोन यांनी २००८ मध्येच मॉलिक्यूल ०२ काढला होता, निव्वळ अॅम्ब्रॉक्सनचा. पण तो हुंगला मोजक्या लोकांनी. सोवाज हुंगला सगळ्यांनी, इच्छा असो वा नसो. वर्साचीचा डिलन ब्लू (२०१६), प्राडाचा लुना रोसा कार्बन (२०१७), ईव्ह सँ लॉरांच्या वाय चा दाट अवतार (२०१८): दोन-तीन वर्षांत सगळ्यांच्या घरात तोच तंबोरा वाजायला लागला. पुरुषाचा ताजेपणा म्हणजे पाणी, ही १९८८ पासूनची समजूत सोवाजनं मोडली. त्याच्यानंतर ताजेपणा म्हणजे वीज झाला. हा बदल चांगला की वाईट ते बाजूला ठेवा, बदल झाला. आजच्या विशीतल्या मुलाला ‘पुरुषांचा परफ्यूम’ म्हटल्यावर नाकात जे आठवतं, ते बहुधा सोवाजचं किंवा त्याच्या भावंडाचं असतं. जसं त्याच्या आजोबांना फूजेर आठवायचा.

मोठ्या आवाजाबद्दल एक गोष्ट सोवाजच्या बाजूनं सांगायला हवी. नाकाला एकाच वासाची सवय होते आणि ते तो ऐकायचं सोडून देतं. अॅम्ब्रॉक्सनच्या बाबतीत लावणाऱ्यावर हे फार लवकर येतं. त्याला वाटतं वास गेला, म्हणून तो आणखी चार फवारे मारतो. लिफ्टमधल्या माझ्या हालांना निम्मा जबाबदार सोवाज असेल, निम्मा माणूस. एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम एकच फवारा सदऱ्याच्या आत मारून पाहिला. तासाभरानं जो उरला तो जवळजवळ सभ्य होता.

आणखी एक. परफ्यूम जाहिरातीवर जगतो असं म्हणतात, आणि वाळवंटातल्या जॉनी डेपनं सोवाजला मोठं केलं यात शंका नाही. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चित्रणावरून टीका झाल्यावर एक जाहिरात घराण्याला मागे घ्यावी लागली, पुढे डेप स्वतः कोर्टकचेऱ्यांत अडकले, आणि सोवाजच्या खपाला ओरखडाही उठला नाही. जाहिरात पडली तरी जो उभा राहतो त्यात जाहिरातीपलीकडचं काही असणारच.

सोवाजनंतर कोण? इथे माझी यादी अडते, आणि मला वाटतं हे माझ्या आवडीमुळे नाही. पुरुषांच्या फळीवर गेल्या दहा वर्षांत नव्या नावांपेक्षा जुन्या नावांच्या शेपट्याच जास्त वाढल्या. ओ द परफ्यूम, परफ्यूम, अँतांस, एलिक्सिर. एका नावाला खप मिळाला की घराणं त्याच नावाची पाच भावंडं जन्माला घालतं, कारण नवं नाव लोकांच्या तोंडी बसवायला फार खर्च येतो. सोवाज एलिक्सिर (२०२१) हा त्या भावंडांतला एक खरोखर दमदार परफ्यूम आहे. जायफळ, ज्येष्ठमध, लॅव्हेंडर यांचा दाट काढा. पण तो सोवाज आहे का? नाव सोडलं तर त्या दोघांत फार थोडं समान आहे. चांगली कल्पना उसन्या नावावर जगतेय.

या दहा वर्षांत आणि त्याच्या थोडं आधी ज्यांनी खरोखर रस्ता वळवला ते परफ्यूम पुरुषांच्या फळीवर नव्हतेच. ल लाबोचा सांताल ३३, २०११. बाकारा रूज ५४०, जो सोवाजच्याच वर्षी, २०१५ मध्ये सर्वांसाठी विक्रीला आला. भाजलेली साखर, केशर आणि पुन्हा तोच अंबर. या दोन्ही बाटल्यांवर पुरुष किंवा स्त्री असं काही लिहिलेलं नाही. रूज ५४० च्या नकलांची लाट आव्हेंटसच्या नकलांना मागे टाकेल अशी आहे, आणि ती लावणाऱ्यांत पुरुष कमी नाहीत. माझ्या कसोटीवर तो उतरतो. फक्त प्रश्न ‘पुरुषांच्या’ परफ्यूमचा होता, आणि त्याला त्या खोलीत शिरायचंच नव्हतं.

रूज ५४० बनवणारे फ्रान्सिस कुर्कदजियां. विशीत असताना ल माल त्यांनीच केला होता, म्हणजे पुरुषांची फळी त्यांना परकी नाही. २०२१ मध्ये देमाशींच्या जागी ते दिओरमध्ये आले, आणि आता सोवाज त्यांच्या ताब्यात आहे. २०२४ मध्ये त्यांनी सोवाज ओ फोर्त काढला. त्यात अल्कोहोल नाही. तो पाण्यात बनवलाय आणि दिसायला दुधासारखा पांढरट आहे. मी तो मनगटावर घेऊन पाहिला. अल्कोहोलचा तो पहिला चटका नाही, त्यामुळे बर्गमॉट सावकाश येतं. लिफ्टनं खाली येताना मी मनगट दोनदा नाकाशी नेलं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई आत आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पंख्याचं बटण दाबलं.